कालिंदीचं शेपूट

"मास्तर, उंट पोहतो का?"

भटजींनी मला विचारलेला पहिला प्रश्न हा. नाव काय, गाव कोणतं, लग्न झालं का, अशा सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी वाटेत तयार करून आणली होती. कर्जत स्टेशनापासून बैलगाडीत हाडं खिळखिळी झालेली, खांद्यावर वळकटी, हातात कंदील. आणि खोली मिळेल म्हणून ज्यांचं घर मला सांगितलं होतं ते गृहस्थ ओसरीवर उघडेबंब बसून माझ्याकडे मोठ्या आशेनं बघत होते.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"ट्रेनिंगला शिकवलं नाही?"

"नाही."

"घोडा पोहतो. बैल पोहतो. डुक्कर तर अप्रतिम पोहतं. उंटाचं मात्र कुणी काही सांगत नाही." त्यांनी अगदी मनापासून दुःखी होऊन मान हलवली आणि आत बघून म्हणाले, "अगं, मास्तर आलेत. यांनाही ठाऊक नाही!"

आतून खोकल्याचा आवाज आला आणि त्याच्या पाठोपाठ हसण्याचा. काकूंशी माझी ओळख झाली ती अशी.

लढाईची वर्षं होती. मी अलिबागकडचा, समुद्रात डुंबत वाढलेला, आणि बदली झाली ती कशेळ्याच्या अलीकडे, पेज नदीच्या काठच्या त्या लहानशा गावात. शाळा म्हणजे देवळाची पडवी. राहायला भटजींची मागची खोली, तिला एक खिडकी, आणि खिडकीतून नदी. रॉकेल मिळायची मारामार, त्यामुळे दिवेलागणीनंतर वाचन बंद आणि भटजींचं बोलणं सुरू. त्या बोलण्याचा विषय ठरलेला असे.

आसपासच्या गावांचं भिक्षुकपण त्यांच्याकडे होतं. लग्न लावायला ते, सत्यनारायणाला ते, आणि कुणाच्या घरी माणूस गेलं की पुढचे दिवस गरुडपुराण वाचायलाही तेच. अंगानं उंच, काटकुळे, आवाज मात्र असा की नदीपलीकडच्या माणसानं हात जोडावेत. स्वतःला पोहायला येत नव्हतं. गुडघ्याच्या वर पाणी त्यांनी अंगाला लावून घेतलं ते फक्त तांब्यानं. आणि हा माणूस दुपारचं जेवण झालं की रोज नदीवर जाऊन बसे, शेजारच्या गोमाच्या म्हशी पलीकडे चरायला जाताना आणि परत येताना बघायला.

पोहण्याबद्दल त्यांचं एक आख्खं शास्त्र तयार झालं होतं. देवानं मोठं जनावर घडवताना आधी पाण्याचा विचार केला आणि मग जमिनीचा, असं ते सांगत. "म्हशीचं बघा. नाकपुड्या कुठे ठेवल्यात? वर. शिंगं मागे वळवलीत, पाणी कापताना अडायला नकोत म्हणून. पोट होडीसारखं. आणि खूर? पाय मागे मारला की फाकतं, पुढे घेतला की मिटतं. हे तिला कुणी शिकवलं? रेडकू पहिल्यांदा पाण्यात पडतं तेव्हा आईनं त्याला काय सांगितलेलं असतं?"

"मलाही पोहता येतं, भटजी," मी एकदा म्हणालो. जरा तोऱ्यातच म्हणालो.

"शिकलात ना?"

"हो, शिकलो."

"मग ते तुम्हाला दिलेलं नव्हतं. तुम्ही नंतर मिळवलंत."

मग त्यांनी मला अवतार समजावून सांगितले. मासा पोहणारच, कासवही पोहणार. तिसरा वराह, तो चार पायांचा, जमिनीवरचा, तरी त्यानं बुडालेली पृथ्वी पाण्यातून वर काढली. चौथ्यापासून देवाला माणसाचे हातपाय लागले आणि पोहणं संपलं. पुढे रामाला पूल बांधावा लागला. कृष्णाला टोपलीतून न्यावं लागलं.

"आणि कालियाच्या डोहात उडी घेतली ती?" मी विचारलं. मला वाटलं, आता सापडले.

"गुराख्यांत वाढला ना तो," भटजी म्हणाले. "बघून बघून आलं असेल."

मग माणसाला देवानं काय दिलं, हा प्रश्न उरतो. त्याचं उत्तर देताना ते नेहमी उजवा हात पुढे करून मूठ वळत. "त्यांना शेपूट, आपल्याला मूठ. जोडी जुळवून दिलीय. धरलं की झालं." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलं की शाळेतल्या पोरांना पाढे म्हणायला लावताना माझीच मूठ वळली जाऊ लागली.

हसायला येई मला, नाही असं नाही. पण थोड्याच दिवसांत कळलं की या सगळ्या शास्त्राच्या मुळाशी काकू होत्या आणि काकूंची भीती होती.

काकूंनीच सांगितलं. मागच्या पडवीत त्या बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत होत्या, मी समोर बसून मदत केल्यासारखं करत होतो. लग्न होऊन सासरी येताना त्यांची होडी या पेजेतच कलंडली होती. कुणीतरी केसांना धरून बाहेर काढलं म्हणून वाचल्या. त्यानंतर त्यांनी नदीत पाऊल घातलं नाही. माहेर पलीकडच्या काठावर, इथून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. उन्हाळ्यात नदी आटली की जायच्या, पावसाळ्याचे चार महिने नाही. आई गेली ती नेमकी आषाढात. काकू अलीकडच्या काठावर उभ्या राहिल्या आणि पलीकडचा धूर बघून परत आल्या.

"आता कर्जतचा डॉक्टर सांगतो, काळीज थकलंय," त्या वाल सोलता सोलता म्हणाल्या. "थकेना का. मरणाची मला भीती नाही हो, मास्तर. मला त्या नदीची भीती वाटते."

कोणती नदी ते विचारायची गरज नव्हती. मेल्यानंतर माणसाला वैतरणी ओलांडावी लागते हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण काकूंच्या घरात ती जरा जास्तच ठाऊक होती. गरुडपुराण वाचायला जायच्या आधी भटजी घरी मोठ्यानं तयारी करत. रक्ताची, पुवाची, सुसरींनी भरलेली ती नदी त्या आवाजात काकूंनी चूल फुंकता फुंकता जन्मभर ऐकली होती. भटजींच्या हे फार उशिरा लक्षात आलं.

"लोकांनी दानधर्म करावा म्हणून मी ती नदी चांगली फुगवून सांगायचो," एकदा ते मला म्हणाले. त्या दिवशी त्यांचा आवाज नेहमीसारखा चढला नव्हता. "बायका रडायच्या. मला वाटायचं, वाचन साधलं. आणि आता पूर माझ्याच घरात शिरलाय. तिला झोप लागत नाही."

त्यांना मूलबाळ नव्हतं. दोघंच एकमेकांना होती. काकूंनी न भिता जावं, एवढं एकच मागणं त्या माणसाला आयुष्यात उरलं होतं.

शास्त्रानं सोय केलेलीच आहे. मरणापूर्वी गाय दान द्यायची, तिच्या शेपटीला हात लावून पाणी सोडायचं, मग तीच गाय शेपटीला धरून आपल्याला वैतरणीपार नेते. भटजींनी हे काकूंना शंभरदा सांगितलं. काकू ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "आपली कपिला ओहोळालासुद्धा अडते. तिला मागून दोघं ढकलतात. ती मला काय नेणार?"

 याचं उत्तर शोधायलाच भटजी नदीवर जाऊन बसत असत.

खालापुराकडून एकदा बातमी आली की बैरागी लोक हत्ती घेऊन पुण्याच्या रस्त्यानं चाललेत आणि कुंभिवलीजवळ उतरलेत. भटजी तडक निघाले. त्या दिवशी पळसदरीला एक साखरपुडा होता, तिथली माणसं संध्याकाळपर्यंत पाटावर ताटकळत बसली. नंतर त्यांनी दुसरा भटजी धरला आणि आमच्या भटजींचं नाव टाकलं. त्याचं यांना काही वाटलं नाही. पाताळगंगेच्या डोहात हत्ती उतरलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

घरी आल्यावर त्यांनी अंगणात चक्क लोळण घेतली. काकू उंबऱ्यावर बसल्या होत्या. "एवढं धूड, आणि पाण्यात गेल्यावर वजनच नाही! सगळा बुडाला. पाठ दिसेना, डोकं दिसेना. फक्त एवढं वर." उताणं पडून त्यांनी एक हात सोंडेसारखा वर धरला आणि पंजा हलवला. "श्वास घेतोय! निवांत!"

"उठा, धोतर मळलं," काकू म्हणाल्या. पण बघत राहिल्या होत्या.

पुढच्या एकादशीला देवळात त्यांनी गजेंद्रमोक्ष सांगितला तो कुणी कधी ऐकला नसेल असा. "गजेंद्र बुडत नव्हता," ते म्हणाले. "हत्ती बुडत नसतो. मगरीनं पाय धरला म्हणून त्यानं देवाला हाक मारली. पाण्याचा त्यात काही दोष नाही. हे नीट लक्षात ठेवा, पाण्याचा काही दोष नाही." मंडळी एकमेकांकडे बघू लागली. ते वाक्य मागे खांबाला टेकून बसलेल्या एकाच बाईसाठी होतं.

उंटाचा प्रश्नही सुटला. गोमाचा धाकटा भाऊ पलटणीत होता, तो इराककडून रजेवर आला. भटजींनी त्याला लढाईचं काही विचारलंच नाही.

"पवतो की, भटजीबाबा," तो म्हणाला. "आमी बगितला. पन जरा एका अंगाव कलतो. मान धरून ऱ्हावं लागतं त्येची."

"बघ," भटजी काकूंकडे वळले. "वाळवंटातलं जनावर. जन्मात नदी बघत नाही. त्यालासुद्धा वगळलं नाही."

काकूंनी विचारलं, "आणि माणसालाच तेवढं वगळलं?"

"त्याला मूठ दिली," भटजी म्हणाले.

त्यानंतर महिन्याभरात त्यांनी गोमाची सगळ्यात थोरली म्हैस घरी आणली. "ही नका नेऊ," गोमा म्हणत होता. "ही लय पानीयेडी हाय. नदी दिसली का थांबत नाय. दावं तोडून जाईल." भटजींना नेमकी तीच हवी होती. त्यांनी तिचं नाव कालिंदी ठेवलं. कालिंदी म्हणजे यमुना, यमाची सख्खी बहीण. तिकडे गेल्यावर ओळखीचं कुणी असलेलं बरं, असा त्यांचा हिशेब. शिवाय यम स्वतः रेड्यावरून फिरतो, त्याचाही उलगडा त्यांना झाला होता. "रोज वैतरणी ओलांडायची म्हणजे पोहणारं वाहन नको? यमानं काही गाय निवडली नाही."

काकू हसल्या, पण म्हणाल्या, "म्हैस पोहते हो. मागे शेपटीला लोंबकळणारा माणूस तरतो की नाही ते कुणी पाहिलंय?"

गुराखी तसे जातात हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण गुराख्यांना पोहता येतं, त्यांचं काय. काकूंचा मुद्दा बिनतोड होता. दोन दिवसांनी भटजींनी ठरवलं.

श्रावण सरत आला होता. पूर ओसरलेला, तरी नदी भरून वाहत होती. सकाळी गोमा आणि त्याचा भाऊ यांनी काकूंना बाजेवर बसवून काठावर आणलं, भोकराच्या झाडाखाली बाज ठेवली. भटजींनी धोतराचा काचा मारला, जानवं कानाला अडकवलं, का ते मला आजही कळलेलं नाही, आणि कालिंदीच्या मागे जाऊन उभे राहिले. तिचं शेपूट त्यांनी मुठीत घट्ट धरलं. 

मी सदरा काढू लागलो. "मी शेजारून येतो."

"अजिबात नाही," ते ओरडले. "तुम्ही आलात तर ती म्हणेल मास्तरांनी वाचवलं. तिथे तुम्ही असणार आहात का?"

"अहो, नका ना," काकू बाजेवरून म्हणाल्या. "पटलं मला. सगळं पटलं."

"पटलेलं नाही. मला कळतं."

गोमानं पाठीवर थाप मारली आणि कालिंदी पाण्यात शिरली. भटजी घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत गेले आणि एकदम त्यांचे पाय सुटले. त्यांचं डोकं दिसेनासं झालं. काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. मग डोकं वर आलं, शेंडी चिकटलेली, तोंड उघडं, डोळे मिटलेले, आणि तोंडानं रामरक्षा की काय ते चाललेलं. प्रवाहानं दोघांना खाली ओढलं, तरी कालिंदीचं नाक एका रेषेत पलीकडे चाललं होतं. तिला मागच्या ओझ्याची दखलसुद्धा नव्हती.

"सोडू नका!" काकू ओरडल्या. एवढा आवाज त्यांच्या छातीत उरला असेल असं मला वाटलं नव्हतं. "घट्ट धरा! सोडू नका!"

पलीकडे ते चिखलात पालथे पडले, उठले, दोन्ही हात वर केले. आणि मग, आम्ही सगळे नको नको म्हणत असताना, कालिंदीला वळवून परत निघाले. या वेळी डोळे उघडे होते.

अलीकडे आल्यावर थंडीनं दातांवर दात वाजत होते. तसेच बाजेपाशी आले आणि मूठ पुढे केली. "बघितलंस? काही करावं लागत नाही. फक्त सोडायचं नाही. बाकीचं तिचं ती बघते."

काकूंनी पदरानं त्यांचं डोकं पुसलं. बराच वेळ पुसत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही माझ्या माहेरच्या काठावर जाऊन आलात." दोघंही रडत होती आणि आम्ही तिघे उगाच म्हशीकडे बघत उभे होतो.

त्या रात्रीपासून काकूंना झोप लागू लागली, असं भटजी सांगत. मला भिंतीपलीकडून खोकला ऐकू यायचा तो कमी झाला एवढं खरं.

दसऱ्याच्या सुमारास त्या अंथरुणाला खिळल्या. भटजींनी दान घ्यायला कर्जतहून आपल्या चुलतभावाला बोलावलं. तो कर्मठ माणूस, सोवळं-ओवळं फार. सकाळी कपिलेला काकूंच्या अंथरुणाजवळच्या खिडकीबाहेर आणली. संकल्प झाला. भटजींनी काकूंचा हात धरून शेपटीला लावला, पाणी सोडलं. सगळं यथासांग झालं. काकूंनी डोळे उघडले आणि अगदी हळू म्हणाल्या, "ही नाही. ती."

"ती कोण?" चुलतभावानं विचारलं.

भटजी उठले आणि कालिंदीचं दावं सोडायला निघाले. चुलतभाऊ ताडकन उभा राहिला. "दादा, वेड लागलं का? महिषीदान निराळं. वैतरणीला गायच. तू स्वतः लोकांना सांगत आलास."

दारात उभ्या असलेल्या गोमालाही राहवलं नाही. "भटजीबाबा, मरनाच्या दारात म्हस नका आनू. यमाचं जनावर हाय त्ये."

"म्हणूनच," भटजी म्हणाले. "तिला वाट माहीत आहे."

चुलतभावाकडे वळून ते अगदी शांतपणे बोलले. जन्मभर ज्या पोथीवर पोट भरलं तिच्याविरुद्ध ते पहिल्यांदाच जात होते, आणि आवाज चढला नव्हता. "कपिला तू घेऊन जा. शास्त्राचं शास्त्राला पोचलं. आता माझ्या बायकोला जायचंय, तिची सोय मला करू दे."

 भटजींनी कालिंदीला बाहेरून खिडकीला पाठ करून उभी केली, शेपूट गजांमधून आत ओढलं आणि काकूंच्या हातात दिलं. कालिंदी निमूट रवंथ करत राहिली. काकूंनी मूठ वळली. त्या हसल्या असं मी म्हणणार नाही, पण कपाळावरची आठी, जी मी आल्या दिवसापासून बघत होतो, ती गेली.

"सोडू नकोस," भटजी त्यांच्या कानाशी म्हणत होते. "घट्ट धर. बाकीचं तिचं ती बघते."

थोड्या वेळानं कालिंदी एक पाऊल पुढे सरली आणि शेपूट मुठीतून निसटलं. तोवर काकू गेल्या होत्या. बायका अंघोळ घालायला आल्या तेव्हा मुठीत शेपटीचे काळे केस राहिलेले त्यांना दिसले. एक जण बोटं उकलायला लागली. भटजी दारातून म्हणाले, "असू दे तसंच."

दहनाला नदीवरच गेलो. अग्नी त्यांनीच दिला. सगळं उरकून, अंघोळी करून परत आलो तेव्हा उन्हं उतरली होती. आभाळ स्वच्छ होतं, पावसाचा कित्येक दिवस पत्ता नव्हता. गडबडीत कालिंदीला पुन्हा बांधायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. ती अंगणात दारासमोर उभी होती, नखशिखांत भिजलेली, एका शिंगाला लव्हाळं अडकलेलं, पोटाखालून पाणी ठिबकत होतं.

म्हैस सुटली की नदीवर जाते आणि संध्याकाळी घरी येते, हे मला कळत होतं. गोमालाही कळत होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

भटजी तिच्याजवळ गेले. ओल्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला, शिंगातलं लव्हाळं सोडवलं. मग गोठ्यातून गोणपाट आणलं आणि तिचं अंग पुसायला लागले.

"दमलीस गं," ते म्हणाले. आणि माझ्याकडे न बघता, "मास्तर, पोचली ती."

मी दुसरं गोणपाट घेतलं आणि पलीकडच्या बाजूनं पुसू लागलो.